लाकडं फोडायचा दिवस

"गुरुवारी लाकडं फोडीन म्हणतोय," मर्व्ह टुलक म्हणाला.

हे तो फाटकाला म्हणाला. फाटकापलीकडे एरॉल मॅकस्किमिंग उभा होता; पण एरॉलशी तो गेल्या अकरा वर्षांत बोललेला नव्हता, आणि एवढी मुरलेली सवय मोडायची तर मध्ये काहीतरी भक्कम असलेले बरे. फाटक भक्कम होते.

एरॉलने एका मेंढीची मान दोन गुडघ्यांत धरली होती आणि तो तिचे दात बघत होता. टुपबर्नच्या खोऱ्यात एप्रिलमध्ये, हिवाळा तोंडावर आला की, कळपात मेंढे सोडायच्या आधी, सगळ्या मेंढ्यांचे दात बघतात. दात शाबूत असलेली हिवाळाभर गोठलेले गवत खरडून जगते. नसलेलीला खाटकाच्या ट्रकमध्ये जागा मिळते. हिचे पडले होते. एरॉलने तिच्या पाठीवर निळ्या खडूची रेघ ओढली, तिला सोडले आणि पुढची धरली.

"लाकडं," तो पुढच्या मेंढीला म्हणाला.

"हं. पाऊस नसला तर."

"गुरुवारी नाही पाऊस."

"मग गुरुवारीच. चहाला ये."

एवढे बोलणे झाल्यावर दोघेही दमले आणि त्यांनी आकाशाकडे पाहिले. आकाश स्वच्छ होते. ओढ्याकाठचे पॉपलर पिवळेधमक झाले होते आणि एकेक पान, कुणी ढकलल्यासारखे, खाली पडत होते.

लोकर कातरायच्या शेडच्या दारात एरॉलची बायको शोना खडूंची बादली घेऊन उभी होती. तिचे माहेर इन्व्हरकार्गिलचे. या खोऱ्यात नांदायला येऊन तिला चाळीस वर्षे होत आली होती, म्हणजे खोऱ्याच्या हिशेबाने ती अजून पाहुणीच होती.

"अगं बाई, बोलले की दोघं!" ती म्हणाली. "कोण रे मर्व्ह, टेस का? तिचे मागचे पाय गेलेत ना?"

मर्व्हने टोपी नीट केली. एरॉलने त्याच मेंढीच्या तोंडात, काही गरज नसताना, पुन्हा एकदा डोकावून पाहिले.

"विचारलं तर काय पाप झालं? कुत्रीला गोळी घालायचीय, तर गोळी घालायचीय म्हणा. लाकडं कसली डोंबलाची! ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड मेली."

पण टुपबर्नमध्ये ताकाला जाताना भांडे लपवायचेच असते. इथे कुणी आपल्या कुत्र्याला आपल्या हाताने गोळी घालत नाही. शेजाऱ्याला सांगतात, आणि सांगताना लाकडांचे नाव घेतात. शेजारी येतो. आधी चहा होतो, हवापाण्याचे बोलणे होते; तोवर मालकाला मन बदलता येते, नंतर नाही. मग मालक कुऱ्हाड घेऊन लाकडे फोडायला जातो. घावांच्या आवाजात एखादा आवाज जास्त झाला तर तो आपण ऐकला नाही, असे त्याला नंतर स्वतःला सांगता येते. शेजारी कुत्र्याला घेऊन झाडांमागे जातो. खड्डा मालकाने आधीच खणून ठेवलेला असतो. तो बुजवून शेजारी निरोप न घेता परस्पर निघून जातो. दोन दिवसांनी मालक त्याच्याकडे मेंढीची एक मांडी पोचती करतो. त्यानंतर त्या कुत्र्याचे नाव दोघांपैकी कुणी काढत नाही. आभार मानणे तर अगदीच असभ्यपणाचे.

मर्व्हची अडचण अशी होती की शेजारीच उरले नव्हते. पॅटरसनची जागा ऑकलंडच्या एका जोडप्याने घेतली होती. ती दोघे लॅव्हेंडर लावत आणि त्याचा साबण करत. माणसे चांगली होती. त्यांची एक म्हातारी कोंबडी मेली तेव्हा त्यांनी मेणबत्ती लावली आणि मर्व्हला बोलावले. मर्व्ह गेला, टोपी काढून उभा राहिला, आणि परतताना वाटभर त्याच्या मनात एकच येत होते की रस्सा चांगला झाला असता. त्यापलीकडची जागा कुठल्याशा कंपनीची. तिथला मॅनेजर दर वर्षी बदले. उरला एरॉल.

जनावरांच्या डॉक्टरिणीलाही त्याने एकदा फोन करून पाहिला होता. मुलगी तरुण होती. फार मऊ आवाजात ती म्हणाली होती, "मी घरी येते ना. तिच्या आवडत्या पांघरुणावर निजवू या तिला. तुम्ही पंजा धरा हातात, आणि बोला तिच्याशी. मनात असेल ते सगळं बोला." मर्व्हने 'बघतो' म्हणून फोन ठेवला. चारचौघांत गाणे म्हणायला सांगावे तसे त्याचे कान तापले होते. मनात असेल ते! टेसशी तो बारा वर्षे बोलत आला होता. चल, थांब, डावीकडे, मागे हो, गप. यातून काही सुटले असेल असे त्याला वाटत नव्हते.

टेस भुंकणारी कुत्री होती. भुंकतात सगळीच, पण टेसचा तो पेशा होता. काही कुत्री मेंढ्यांवर नुसते डोळे रोखून त्यांना हलवतात. टेसच्या जातीची कुत्री आवाजाने हलवतात. डोंगराच्या एका अंगाला ती भुंकली की दुसऱ्या अंगाच्या मेंढ्या चालू लागत. खालच्या कुरणातल्या मेंढ्यांना तर तिने लागोपाठ दोनदा भुंकणे म्हणजे 'फाटकाशी जमा व्हा' एवढे स्पष्ट कळे. त्या जमत, मग मर्व्ह येऊन फाटक उघडे. भुंकायचे तिने, उघडायचे त्याने, अशी कामाची वाटणी होती आणि तीत कधी कुरबूर झाली नव्हती.

यंदा मार्चमध्ये मेंढ्या डोंगरावरून खाली आणताना पहिल्याच कुंपणापाशी तिचे मागचे पाय बसले. मर्व्हने तिला खांद्यांवर आडवी घेतली आणि तसाच डोंगर उतरला. टेस सबंध वाट त्याच्या कानात भुंकत होती. मेंढ्या अगदी व्यवस्थित आल्या. मर्व्हला मात्र पुढे आठवडाभर डाव्या कानाने कमी ऐकू येत होते. कामात कसूर तिने शेवटपर्यंत केली नाही; पण खांद्यावरून मेंढ्या वळणारी कुत्री काही परवडत नाही, आणि जे हिवाळा काढणार नाही ते अँझॅक डेच्या, पंचवीस एप्रिलच्या सुट्टीच्या, आत उरकायचे असते. लाकडे, धुराडे, पाण्याचे नळ, कुत्री. सगळे एकाच यादीत.

सोमवारी त्याने आपल्या मेंढ्यांचे दात बघून निळ्या रेघा ओढल्या आणि धुराडे झाडले. मंगळवारी बाहेरच्या नळांना जुनी पोती गुंडाळून सुतळीने बांधली, म्हणजे थंडीत ते फुटायचे नाहीत. टेस मागचे अंग फरफटवत प्रत्येक नळापाशी आली आणि काम संपेपर्यंत देखरेख करत बसली. बुधवारी दुपारी त्याने मॅक्रोकार्पाच्या झाडांमागे खड्डा खणायला घेतला.

झाडांची ती रांग त्याच्या आजोबांनी लावलेली. आता तिची एवढी दाट भिंत झाली होती की अलीकडे वारा असला तरी पलीकडे पान हलत नसे. जमीन वरून कडक आणि आत दगडाळ होती. गुडघाभर खणून झाल्यावर मर्व्ह दम खायला बाजूला झाला, तेवढ्यात टेस काठावर आली, आत वाकून तिने हुंगले, पुढचे पाय टाकले आणि घसरत खड्ड्यात उतरली. दोन गिरक्या घेऊन ती आत वेटोळे करून बसली. तिथे वारा नव्हता. माती अजून उबदार असावी. तिने हनुवटी पंजांवर ठेवली आणि समाधानाने डोळे मिटले.

"ऊठ," मर्व्ह म्हणाला.

टेसने शेपटीचे टोक हलवले.

"ऊठ, बाहेर ये. झाला नाही अजून."

ती उठेना. तिला उचलून बाहेर काढता आले असते, पण मर्व्ह फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. सावल्या लांबल्या तेव्हा ती आपणहून उठली, कारण तिची खायची वेळ झाली होती. मर्व्हने तिला बाहेर यायला हात दिला आणि खड्डा आणखी थोडा लांब केला. पाय मुडपावे लागत होते तिला.

गुरुवारी पाऊस नव्हता. एरॉल चारचाकी क्वाड बाईकवरून ओढा ओलांडून आला. मागे पोत्यात गुंडाळलेली बंदूक होती. ती त्याने तशीच राहू दिली, बूट पुसले आणि स्वयंपाकघरात येऊन अशा खुर्चीवर बसला की जिथून ओसरीवरची टेस दिसणार नाही. टेस ओसरीवरच होती. बारा वर्षांत तिने घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. कामाची कुत्री घरात घेत नाहीत, मऊ पडतात.

मर्व्हने चहा ओतला आणि आल्याच्या बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

"सफरचंदं बरी आली म्हणे तुझी," एरॉल म्हणाला.

"किडकी आली."

"किडकी, पण बरी."

"पुष्कळ आली. शोनाचा गुडघा?"

"आहे तसाच. चालता येत नाही. बोलता येतं."

बिस्किटे कडक होती. दोघांनी ती चहात बुडवली. पुढे बोलायला अकरा वर्षांचे पुष्कळ साचलेले असणार, पण एरॉलने पुन्हा सफरचंदेच काढली, आणि मर्व्हला बरे वाटले.

खोऱ्याची समजूत अशी होती की या दोघांचे पाटाच्या पाण्यावरून फाटले. त्या उन्हाळ्यात पाण्यावरून तंटा झाला होता खरा. दोघांनीही ती समजूत मोडली नाही, कारण पाण्यावरून भांडलेला माणूस चारचौघांत ताठ उभा राहू शकतो. कुत्र्यावरून भांडला म्हटले की लोक हसतात.

त्याच उन्हाळ्यात एरॉलच्या ट्वीड नावाच्या कुत्र्याचा पाय गाडीखाली सापडला होता. कुत्रा म्हातारा नव्हता, पण तीन पायांचा कुत्रा डोंगरावर काय कामाचा? एरॉलने लाकडांचे नाव काढले, मर्व्ह गेला, चहा झाला. या कामात मर्व्हचा हात साफ होता. उगाच रेंगाळायचे नाही, कुत्र्याशी बोलायचे नाही. शेडमागे त्याने ट्वीडला बसवले. ट्वीडने डोके एका बाजूला कलते करून त्याच्याकडे पाहिले. तेवढ्यात कुऱ्हाडीचा आवाज थांबला आणि एरॉलची हाक आली, "मर्व्ह! थांब! थांब रे!" पाठोपाठ तो धावत आला, हातात कुऱ्हाड तशीच. हाक आणि गोळी यांच्यामध्ये थांबण्याइतकी जागा होती की नव्हती, याचा मर्व्हने पुढे कधीच विचार करायचा नाही असे ठरवले होते, आणि तो ठराव त्याला बऱ्याचदा नव्याने करावा लागे. एरॉल कोपऱ्याशी पोचला तेव्हा सगळे उरकले होते. त्या वेळी काहीतरी बोलणे भाग होते. मर्व्ह म्हणाला, "चहाच्या आधी सांगायचं होतंस."

रिवाजाप्रमाणे ते अगदी बरोबर होते. एरॉलने मांडी पोचती केली. नंतर तो मर्व्हशी बोलला नाही.

"आणखी चहा?" मर्व्हने विचारले.

"नको. झाला चहा," एरॉल म्हणाला आणि त्याने पहिल्यांदा मर्व्हकडे नीट, सरळ पाहिले. "मर्व्ह, चहा झालाय बरं का."

"बघतोय ना मी."

"नाही, आपलं सांगितलं."

ते उठले. एरॉलने पोते काखेत मारले आणि टेसच्या गळ्यातली साखळी हातात घेतली. टेस जागची हलली नाही. तिने मर्व्हकडे पाहिले; हुकूम झाल्याशिवाय परक्याबरोबर जायचे नाही हे तिला त्यानेच शिकवले होते.

"जा," मर्व्ह म्हणाला.

ती गेली. मागचे पाय फरफटत होते, पण कामावर निघाल्यासारखे कान पुढे. मर्व्हने कुऱ्हाड उचलली आणि ठोकळ्यापाशी जाऊन पहिला ओंडका उभा केला.

पहिल्या दहा-बारा ओंडक्यांत त्याने काही ऐकायचे नाही असे ठरवले होते आणि त्याला काही ऐकू आले नाही. मग तो थोडा दबकत फोडू लागला. काहीच नाही. एरॉल पहिल्यापासूनच संथ. शाळेतही गणित सोडवून व्हायच्या आत त्याची घंटा व्हायची. मर्व्हने विलोचे ओले ओंडके संपवले आणि पाइनचे घेतले. पाइन वाळलेला होता. एका घावात दोन फाका होत. दोन घावांच्या मध्ये खोरे इतके गप्प होते की फाक जमिनीवर पडून डोलायची थांबल्याचेही ऐकू यावे.

अशीच शांतता त्याने पूर्वी एकदा ऐकली होती. तेव्हाही तो लाकडेच फोडत होता. ग्लेनिस, त्याची बायको, बॅगा गाडीत ठेवून निघाली होती, ड्युनेडिनला बहिणीकडे, कायमची. गाडीचे इंजिन चालू झाले आणि बराच वेळ अंगणात नुसतेच चालत राहिले. गाडी काही हलेना. मर्व्हला वाटले, थंडीने इंजिन तापायला वेळ लागतोय. त्याने आणखी लाकडे फोडली. मग गाडी गेली. इंजिनात काहीच दोष नव्हता हे त्याला मेकॅनिककडून वर्षभराने, सहज बोलताना, कळले.

आता त्याने कुऱ्हाड खाली टेकवली. घशाशी एक शब्द येऊन उभा होता. मोठा नव्हता. टेसला तो दिवसातून शंभरदा घालत असे: थांब. झाडांची भिंत समोरच होती, हाक सहज पोचली असती. मर्व्हने तोंड उघडलेसुद्धा. पण मग एरॉल झाडांमागून बाहेर येईल, साखळी हातात धरून उभा राहील, आणि म्हणेल, काय रे, चहाच्या आधी नाही का सांगायचं? कदाचित म्हणणारही नाही. नुसता बघेल. ते जास्त वाईट.

मर्व्हने तोंड मिटले. मग त्याने कुऱ्हाड अशी घातली की ती ओंडक्यातून आरपार जाऊन ठोकळ्यात रुतली. ती उपटून काढली आणि फोडत राहिला. त्या हिवाळ्याची लाकडे संपली. तो पुढच्या हिवाळ्याची फोडू लागला.

हाताला फोड येऊन ते फुटल्यावर तो थांबला. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेले होते. गोळीचा आवाज झाला नव्हता, किंवा घावात मिसळून गेला होता. तशीच तर सोय होती. तो झाडांमागे गेला.

खड्डा उघडा होता. आत मॅक्रोकार्पाची चार पाने पडली होती. काठावर एक माणूस बराच वेळ बसला असावा असे दबलेले गवत, शेजारी कुत्र्याच्या अंगाएवढे दबलेले गवत, आणि आल्याच्या बिस्किटाचा चुरा. कुंपणाच्या खांबावर टेसची साखळी नीट गुंडाळून अडकवली होती. क्वाड बाईकची चाके ओढ्याकडे गेली होती. रक्त कुठेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्व्ह मेंढ्यांना बघायला खालच्या कुरणात उतरला. तिथून ओढ्यापलीकडे मॅकस्किमिंगचे घर अगदी तोंडासमोर दिसते. स्वयंपाकघराची मोठी खिडकी, खिडकीत शेगडी, आणि शेगडीपुढे, घराच्या आत, गालिच्यावर, चारी पाय ताणून एक काळी-तांबूस कुत्री पसरली होती. शोना तिला ओलांडून ये-जा करत होती.

मर्व्हने मेंढ्या मोजल्या. चुकल्या. पुन्हा मोजल्या.

दोन दिवसांचा रिवाज होता. शनिवारी तो मांस ठेवायच्या थंड कपाटासमोर उभा राहिला. मांडी पाठवली नाही तर कुत्री मेली नाही असे त्याने कबूल केल्यासारखे होते. आणि ती मेली नसेल तर मग ती शेजाऱ्याच्या गालिच्यावर का आहे, हे विचारायला कुणीतरी जायला हवे होते. त्याने चांगली मोठी मांडी निवडली, फडक्यात गुंडाळली आणि एरॉलच्या फाटकाला लटकवून आला. रिवाज मोडला असे त्याच्या बाबतीत कुणाला म्हणता आले नसते.

रविवारी शोना फडके परत घेऊन आली. धुऊन, इस्त्री करून. गुडघ्यामुळे ती ओसरीच्या पायरीवरच बसली.

"मांडी छान होती," ती म्हणाली. "हाड तिलाच दिलं. कालपासून चघळतेय ती."

मर्व्ह सफरचंदांतली किडकी बाजूला काढत होता. तो काढत राहिला.

"मला माहितीये, बोलायचं नसतं. मी बाहेरची आहे, मला चालतं. तुला कळलं का रे तो तिथं किती वेळ बसला होता? दुपार गेली त्याची. मला म्हणाला, कुऱ्हाड थांबली एकदा. म्हणाला, शोना, मला वाटलं आता मारतो हाक. एक हाक मारली असती ना, तर साखळी सोडून तिथनंच परत येणार होता तो. ठरवूनच गेला होता."

"आणि नाही मारली तर?"

"तर गोळी. तेही ठरवून गेला होता. अकरा वर्षं घोकत होता, बघू तरी हा ओरडतो का. पण तू पडलास धोंड्या. ओरडला नाहीस, आणि ती बया तिकडं डोकं कलतं करून त्याच्याकडं बघत बसली. त्याच्यानं होईना. परत तुझ्याकडं आणून बांधायची, तर तू तिला मारायला दिलेली. मग म्हणाला, त्याच्या लेखी मेलीये ना? मग माझ्याकडं जगू दे. त्यानं रोज बघू दे."

एक सफरचंद वरून निर्मळ होते. मर्व्हने ते फिरवून फिरवून पाहिले आणि किडक्यांत टाकले.

"दुष्टपणा आहे," शोना म्हणाली. "मी त्याला तोंडावर म्हटलं. पण तूही काय कमी आहेस? हे बघ, ती उठसूट नुसती दाराशी येऊन इकडं तोंड करून बसते. माझ्याच्यानं बघवत नाही. एक शिटी मार. अजून मार. ओढ्याला पाणी नाही, सरपटत का होईना, येईल. एरॉल अडवायचा नाही, मी सांगते तुला."

मर्व्हने दोन्ही टोपल्या एकमेकींना चिकटतील इतक्या जवळ सरकवल्या.  शोनाला घाई नव्हती, तिला तसेही उठवत नव्हते.

"माझी कुत्री गुरुवारी गेली," तो म्हणाला.

 शोना कठड्याला धरून उठली.

"धन्य आहे रे बाबा तुमची," ती म्हणाली. "एकाला मारता येईना, दुसऱ्याला मागता येईना. फडकं घे. आणि तेवढा खड्डा बुजव. एखादी मेंढी पडेल आत."

ते मात्र खरे होते. उघडा खड्डा ठेवणे हा शेतीतला निष्काळजीपणा. ती गेल्यावर मर्व्हने फावडे घेतले. अँझॅक डे दोन दिवसांवर आला होता आणि यादीत एवढेच राहिले होते.

माती बुधवारपासून उघड्यावर पडून सुकली होती, सहज सरकत होती. आत पडलेली पाने आधी झाकली गेली. रिकामा खड्डा बुजवताना एक चमत्कार होतो. काही आत न ठेवताही माती पुरी पडत नाही, खळगा राहतोच. मर्व्हने बाजूची माती ओढून घेतली आणि फावड्याच्या पाठीने थापटली. डोक्याशी ठेवायला म्हणून बुधवारीच एक चपटा दगड त्याने काढून ठेवला होता. तो ठेवायचा की नाही यावर विचार करत तो उभा होता, तेवढ्यात ओढ्यापलीकडून टेस भुंकली.

लागोपाठ दोनदा.

आवाजात कसूर नव्हती. पाय गेले होते, घसा शाबूत होता. मर्व्हने मान वर केली नाही. त्याने दगड उचलला, ठेवला, आणि तो डुगडुगू नये म्हणून खाली खडी सारली. दगड नीट बसायला वेळ लागला.

खालच्या कुरणात मेंढ्यांनी मात्र चरणे सोडून माना वर केल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलेले नव्हते. पुढची म्हातारी मेंढी वळली, तिच्यामागे बाकीच्या, आणि एकामागे एक चालत त्या फाटकाशी येऊन जमल्या. पाठींवर निळ्या खडूच्या रेघा असलेल्याही, नसलेल्याही. सगळ्या फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि वाट पाहू लागल्या.

मर्व्हने फावडे झाडाला टेकवून ठेवले, हात विजारीला पुसले आणि जाऊन फाटक उघडले.